जर्मन लष्करी तलवार खरी की बनावट? नव्या संग्राहकांसाठी

हातात तलवार आली की नवखा माणूस आधी पात्यावरची कंपनीची खूण शोधतो. खूण पुस्तकातल्या चित्राशी जुळली की त्याच्यापुरता विषय संपतो. खरं तर खूण सर्वांत शेवटी बघायची, कारण नक्कल करायला तीच सर्वांत सोपी. दख्खनेत फिरंगी पाती वापरात होती तेव्हाही इटलीतल्या जिनोव्हा शहराची कोयत्यासारखी खूण देशी पात्यांवर उठवली जायची. आज तर संगणकावर काढलेली खूण लेसरने काही मिनिटांत कोरता येते.

इथे आपण १९३३ ते १९४५ या काळातली जर्मन भूदलाच्या अधिकाऱ्यांची, कबुतराच्या डोक्यासारखी मूठ असलेली तलवार धरून चालू. बाजारात हीच जास्त भेटते. यातली बहुतेक झोलिंगेन या एकाच शहरात बनली: आइकहॉर्न, डब्ल्यूकेसी, अल्कोसो, रॉबर्ट क्लास, पुमा आणि आणखी कितीतरी कारखान्यांत. अधिकारी ती स्वखर्चाने घ्यायचे. कॅटलॉगमधून नमुना निवडायचे आणि आपल्या उंचीप्रमाणे पात्याची लांबी ठरवायचे. त्यामुळे दोन तलवारी एकसारख्या नाहीत म्हणून त्यातली एक खोटी, असं होत नाही. शिवाय खाजगी खरेदीमुळे सरकारी तपासणीचा गरुडशिक्का त्यांच्यावर सहसा नसतो. तो ठळकपणे मारलेला दिसला तर खूश होण्याऐवजी सावध व्हा.

सोबत दहापट भिंग, छोटा चुंबक, व्हर्नियर कॅलिपर, अतिनील टॉर्च आणि सुती हातमोजे ठेवा. एवढं पुरतं.

सुरुवात मुठीपासून. आधीच्या मुठी पितळेच्या आणि वर सोन्याचा मुलामा. पुढे ॲल्युमिनियम आणि युद्धकाळात जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम. मुलामा झिजला की पितळ पिवळं दिसतं, ॲल्युमिनियम पांढरट आणि वजनाला हलकं, तर जस्त राखाडी पडतं आणि त्यावर बारीक फोड येतात. या तिन्हींना चुंबक चिकटत नाही, लोखंडी म्यानाला चिकटतो. झीज कुठे झाली आहे हे नीट बघा. हात लागतो तिथे, म्हणजे मुठीच्या पाठीवर आणि बोटांपुढच्या कमानीच्या आतल्या बाजूला ती असायला हवी. म्यान मांडीला घासतं त्या अंगाला आणि टोकाशी रंग उडालेला असावा. सगळीकडे सारखीच झीज आणि खाचांमध्ये काळपट लेप असेल, तर ते जुनेपण मुद्दाम आणलेलं आहे.

पुढचा भाग मुठीवरच्या गरुडाच्या चिन्हाचा. मूळ कामात साच्यातून निघालेला भाग कारागीर छिन्नीने साफ करायचा, म्हणून पिसांच्या कडा भिंगाखाली तीक्ष्ण दिसतात. नक्कल करणारे अस्सल मुठीचाच साचा काढतात. त्यात कडा बोथट होतात, सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात आणि आकारही किंचित घटतो. पितळ थंड होताना साधारण दीड ते दोन टक्के आकसतं, म्हणजे ३० मिमी रुंदीचा गरुड अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लहान निघतो. त्याच कंपनीच्या त्याच नमुन्याच्या खात्रीच्या तलवारीची मापं जवळ असतील तर कॅलिपर इथे निकाल देतो. मापांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. छापील पुस्तकांत ही मापं फार कमी मिळतात.

मुठीवरचं काळं आवरण बहुधा सेल्युलॉइडचं, वर तारेचा वेढा. सेल्युलॉइड कापूर घालून बनतं. अंगठ्याने जोराने चोळून गरम केलं की बऱ्याचदा कापराचा मंद वास येतो. तापलेली सुई टोचून बघण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड भसकन पेट घेतं. जुनं आवरण आकसून सांध्यापाशी चिरतं, तशी चीर दिसली तर ते खरेपणाच्या बाजूचंच लक्षण समजा. मुठीला बांधलेला गोंडा आणि शिवणीचे धागे अंधारात अतिनील उजेडाखाली धरा. निळसर पांढरे लखलखले तर एक तर धागा नवा, नाहीतर गोंडा आधुनिक साबणाने धुतलेला. निव्वळ तेवढ्यावरून निर्णय देऊ नका.

पातं बाहेर काढा आणि ते मुठीला जिथे भिडतं तिथे बघा. तिथली चामड्याची चकती दबलेली, कडक, काळवंडलेली असावी. पातं हलतंय, फट दिसते, मुठीच्या डोक्यावर ताज्या कानशीचे ओरखडे आहेत, तर तलवार सुटी करून पुन्हा जोडलेली आहे. १९४५ नंतर झोलिंगेनमध्ये उरलेल्या सुट्या भागांच्या तलवारी जुळवून जर्मनीचा ताबा घेतलेल्या परदेशी सैनिकांना विकल्या गेल्या. प्रत्येक भाग अस्सल, पण ती तलवार कोणा अधिकाऱ्याने कधी कमरेला लावलेली नाही. पातं जुन्या म्यानात सहज आणि शेवटपर्यंत बसतं का, हेही त्यासाठीच तपासायचं.

पात्यावरचं नक्षीकाम आम्लाने केलेलं असायचं. त्याची पार्श्वभूमी करडी, बारीक दाणेदार असते. लेसरच्या रेषा समांतर आणि तळाशी जळक्या दिसतात. दमास्कस पात्याची (पोलादाचे थर घडवून केलेल्या पात्याची) लहर पोटातून पाठीच्या कण्यावर वळते; वरवर छापलेली लहर कडेपाशी तुटते. एवढं झाल्यावर आता खूण. निकेलचा मुलामा ठशाच्या खोलीत उतरलेला असावा. ठशाच्या कडेला मुलामा फुटून उघडं पोलाद दिसलं, तर खूण नंतर मारली आहे. खुणा काळानुसार बदलत गेल्या, आइकहॉर्नची खारही वेगवेगळ्या रूपांत येते. तेव्हा खुणेचा काळ आणि मुठीचा धातू एकमेकांशी जुळतात का ते पाहा.

मालकीच्या इतिहासाबाबत जास्त कठोर राहा. अमेरिकी सैनिकांना युद्धातल्या वस्तू घरी नेताना अधिकाऱ्याच्या सहीचं प्रमाणपत्र मिळायचं. त्यात बहुधा ‘एक जर्मन तलवार’ एवढंच लिहिलेलं असतं. तो कागद अस्सल असूनही दुसऱ्याच तलवारीला जोडलेला असू शकतो. म्हणून हातात तलवार धरलेला जुना फोटो, घरच्यांची तारीख असलेली पत्रं, लिलावाची पावती, अशी साखळी लागते, आणि तिच्यात तलवार ओळखू येईल असं काही तरी असावं लागतं. पात्यावर नाव किंवा रेजिमेंटचा उल्लेख असेल तर ती तुकडी त्या वर्षी होती का, त्या अधिकाऱ्याचा हुद्दा तोच होता का, हे तपासा. जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे, म्हणजे बुंडेसआर्काइव्हकडे, चौकशी करता येते. भूदलाची कागदपत्रं त्यांच्या फ्रायबुर्गच्या लष्करी विभागात आहेत. एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या निमलष्करी दलाच्या, तलवारी १९३६ पासूनच्या. त्यांना किंमत सर्वाधिक आणि म्हणून नकलाही सर्वाधिक. पहिल्या काही वर्षांत त्या घेऊच नका. अस्सल पाती जवळून पाहायची असतील तर झोलिंगेनच्या ग्रेफ्राट भागातलं क्लिंगेनम्युझियम, म्हणजे पात्यांचं संग्रहालय, गाठा.

घेतल्यावर पितळेची पॉलिश लावू नका. मुलामा जातो आणि झिजेचा पुरावाही. जर्मनीत नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवणं हा गुन्हा आहे, संशोधन आणि शिक्षणासाठी अपवाद आहेत. भारतात तलवार शस्त्र कायदा, १९५९च्या कक्षेत येते, आणि परदेशातून आणायची तर आयातीचा परवाना लागतो. पैसे भरण्यापूर्वीच आपल्या शहराच्या पोलीस आयुक्तालयाच्या किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारणा करा. कस्टम्समध्ये अडकलेली तलवार सोडवण्यापेक्षा ते सोपं पडतं.