बाराव्या भागाची वही

नऊ वर्षांपूर्वी नवऱ्याची नोकरी गेली आणि घरात येणारा पैसा निम्म्याच्या थोडा वर राहिला. तेव्हा लेक तेरा वर्षांची होती, मुलगा आठ वर्षांचा. आम्ही लगेच रोजच्या खर्चाला कात्री लावली. बाहेरचं खाणं बंद, जवळपास चालत जायचं, नवे कपडे नाहीत. सहा महिने नीट गेले. सातव्या महिन्यात तीन आठवड्यांच्या आत विम्याचा हप्ता आला, दोन्ही मुलांची वर्षाची फी आली आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर गेला. मोठ्या जाऊबाईंकडून उसने पैसे आणावे लागले. त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही, पण मला रात्रभर झोप लागली नाही. सहा महिने मन मारून वाचवलेलं सगळं तीन आठवड्यांत गेलं होतं आणि वर कर्ज झालं होतं.

यातला एकही खर्च अचानक आलेला नव्हता. विमा दरवर्षी त्याच महिन्यात भरतो, फीची तारीख ठरलेली, फ्रिज बारा वर्षांचा जुना. आमचा हिशोब मात्र महिन्याचा होता, त्यामुळे वर्षातून एकदा येणारा खर्च त्यात कधी दिसलाच नाही. तेव्हापासून मी वर्षाचा हिशोब मांडते. माझी पद्धत जशी आहे तशी सांगते.

आधी मागच्या पूर्ण बारा महिन्यांचा खर्च समोर घ्या. बँकेचं पासबुक किंवा स्टेटमेंट, बिलं, पैसे गेल्याचे फोनवरचे मेसेज, सगळं. तीन महिन्यांवरून अंदाज बांधू नका, नेमके मोठे खर्च त्यातून निसटतात. मी लेकीच्या कंपासमधल्या तीन रंगीत पेन्सिली घेतल्या. रोजच्या खर्चावर लाल खूण, दरमहा ठरलेल्या खर्चावर निळी आणि अधूनमधून येणाऱ्या खर्चावर हिरवी. दोन संध्याकाळी लागल्या. बेरीज केली तर शंभरातले सत्तावीस भाग हिरवे निघाले. म्हणजे एक चतुर्थांशाहून जास्त खर्चाची आम्ही कधी तरतूदच केली नव्हती.

आता वहीच्या पहिल्या पानावर हिरवी यादी लिहा. किराणा नाही, भाडं नाही, आधी हिरवी. विमा, फी, कर, डॉक्टर, चष्मा, वाहनाची सर्व्हिसिंग, शाळेची पुस्तकं, चपला-बूट. त्याखाली घरातल्या झिजणाऱ्या वस्तू लिहा आणि प्रत्येकीसमोर ती किती वर्षं टिकेल ते. फ्रिज दहा वर्षं टिकणार असेल तर त्याच्या किमतीचा १२० वा भाग दरमहा बाजूला पडला पाहिजे. चार वर्षं चालणाऱ्या फोनचा ४८ वा. वर्षाच्या खर्चाचा बारावा. माझ्या यादीत चौदा ओळी आहेत. त्यांची महिन्याची बेरीज पैसे आले की त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात जाते. त्या खात्याचं कार्ड मी घेतलेलंच नाही.

पहिल्या वर्षी इथे एक अडचण येते आणि बरेच जण तिथेच वही बंद करतात. समजा १२०० भरायचे आहेत आणि मुदत चारच महिन्यांवर आहे. मग बारावा भाग, म्हणजे १००, टाकून भागणार नाही. पहिल्या खेपेला दरमहा ३०० टाकावे लागतील आणि पुढच्या वर्षापासून १००. त्यामुळे पहिलं वर्ष जड जातं. आम्ही त्या वर्षी झिजणाऱ्या वस्तूंच्या ओळी कोऱ्या ठेवल्या आणि फक्त तारीख ठरलेले खर्च धरले. दुसऱ्या वर्षी बाकीच्या ओळी भरल्या. तुमचंही असंच होणार असेल तर घाबरू नका. पद्धत चुकलेली नाही, तुम्ही उशिरा सुरुवात केलीय, एवढंच.

उत्पन्न अनियमित असेल तर सरासरी धरू नका. नवऱ्यानं पुढे स्वतंत्र कामं घ्यायला सुरुवात केली. काही महिने चांगले जायचे, काही अगदी कोरडे. मी वर्षातले सर्वांत कमी कमाईचे तीन महिने घेऊन त्यांच्या सरासरीवर घर बसवलं. चांगल्या महिन्यातला वरचा पैसा हिरव्या खात्यात जातो आणि कोरड्या महिन्यात तिथूनच उचलते.

हिरवं आणि निळं वजा जाऊन उरतं ते रोजच्या खर्चाचं. ते महिन्यावर नाही, आठवड्यावर वाटा. वर्षात ५२ आठवडे असतात. आठवड्याच्या खर्चाला चारानं गुणून महिना काढला तर वर्षाचे ४८ च आठवडे होतात आणि चार आठवडे उपाशी राहतात. महिनाअखेरची ओढाताण बरीचशी इथूनच येते. म्हणून वर्षाची उरलेली रक्कम भागिले ५२. तेवढे पैसे मी पाकिटात घालते. आमचा आठवडा बुधवारी सुरू होतो, म्हणजे शनिवार-रविवारी हात थोडा सैल झाला तरी सोमवार-मंगळवार सावरायला मिळतात. पाकीट संपलं की बुधवारची वाट बघायची.

कर्ज असेल तर या सगळ्याच्या आधी व्याजाचा दर बघा. दरमहा ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण व्याजावर व्याज चढत वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या वर जातं. एवढा परतावा देणारी सुरक्षित बचत कुठेच नाही. असं कर्ज असताना शिल्लक टाकत बसू नका. अडीनडीपुरती थोडी रक्कम हाताशी ठेवा आणि बाकी सगळं त्या कर्जावर ओता. क्रेडिट कार्डाची फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर मुद्दल जवळजवळ हलत नाही.

विजेच्या बिलाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आम्ही दोन वर्षं चुकीच्या ठिकाणी जीव काढला. मुलांच्या मागे लागून दिवे बंद करायचो. मग एकदा बसून आकडे मांडले. १००० वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. ९ वॉटचा एलईडी रोज पाच तास लावला तर वर्षाला १६ युनिटं. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब असता तर १०९, म्हणून तो बदलणं फायद्याचंच. पण २००० वॉटचा गीझर रोज अर्धा तास म्हणजे वर्षाला ३६५ युनिटं! त्यातली रोजची दहा मिनिटं कमी केली की १२० युनिटं वाचतात, म्हणजे सात एलईडी वर्षभर फुकट जळतील. जिथे उष्णता तयार होते तिथे आधी बघा: गीझर, इस्त्री, हीटर. त्यानंतर रात्रंदिवस चालू राहणाऱ्या वस्तू. नुसते १० वॉट वर्षभर ओढले गेले तरी ८७ युनिटं होतात.

गॅसचंही तसंच. पाण्याला एकदा उकळी फुटली की आच मोठी ठेवून ते अधिक गरम होत नाही, फक्त वाफ जास्त जाते. म्हणून उकळी आली की आच बारीक आणि वर झाकण. कुकरमध्ये दाबामुळे पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं, म्हणून शिजायला वेळ कमी लागतो. भांड्याबाहेर येणारी ज्योत म्हणजे वाया जाणारा गॅस.

स्वयंपाकघरातली खरी गळती टाकून दिलेल्या अन्नाची असते. एक महिनाभर जे जे टाकलं ते मी फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहीत गेले. काय टाकलं, किती, का. महिनाअखेरीला दिसलं की बहुतेक वस्तू मागच्या कप्प्यात विसरलेल्या होत्या. तेव्हापासून फ्रिजमधला समोरचा एक डबा ‘आधी हे संपवा’ म्हणून ठेवलाय आणि बाजाराची यादी तो डबा उघडून बघितल्यावरच करते. मोठं पाकीट स्वस्तच पडतं असं धरून चालू नका. किमतीला वजनानं भागून बघा, फोनवर दहा सेकंदांचं काम आहे.

काही ठिकाणी कात्री लावायची नाही. औषधं, आरोग्याचा विमा, वाहनाचे ब्रेक आणि दात. माझी दाढ दुखत होती आणि मी आठ महिने दुखणं अंगावर काढलं, घरात पैसे नाहीत म्हणून. जे काम साध्या भरणीनं झालं असतं त्याला रूट कॅनाल आणि वर कॅप लागली. आता हिरव्या यादीत दातांची वेगळी ओळ आहे.

आणि घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, थोडा हातखर्च द्या आणि त्याचा हिशोब मागू नका. ही रक्कम छोटी असली तरी यादीतून कधी काढू नका. सतत विचारणा झाली की माणूस लपवायला लागतो, आणि लपवलेला खर्च कुठल्याच वहीत सापडत नाही. मुलांपासून परिस्थितीही लपवू नका. लेकीला शाळेच्या सहलीला जायचं होतं. मी तिच्यासमोर वही उघडून ठेवली. तिनं आकडे वाचले, गप्प बसली आणि मग स्वतःच्या अक्षरात ‘सहल’ अशी हिरवी ओळ लिहिली, बारा महिन्यांत भागून. पुढच्या वर्षी ती गेली. ती ओळ मी अजून खोडलेली नाही.

घ्यावीशी वाटलेली वस्तू शेवटच्या पानावर तारखेसह लिहा आणि तीस दिवस थांबा. मागच्या वर्षी आमच्या पानावर एकोणीस वस्तू होत्या, त्यातल्या सहा घेतल्या. त्या सहा आम्ही अजून वापरतो.

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं दोन तास वही घेऊन बसतो. हिरव्या यादीतली प्रत्येक ओळ वाचतो, नवी किंमत लिहितो, आयुष्य संपत आलेल्या वस्तूवर खूण करतो. जुन्याचा कॉम्प्रेसर गेल्यावर घेतलेला फ्रिज आता नऊ वर्षांचा होत आला. मागच्या महिन्यात दारात कागदाची पट्टी अडकवून ओढली तर ती सरळ निसटून आली, म्हणजे रबर सैल झालं होतं. ते बदलून घेतलं. पैसे हिरव्या खात्यातून दिले आणि फ्रिजच्या ओळीसमोर ‘दहा’ खोडून ‘तेरा’ लिहिलं.