शाकारलेल्या होड्यांपासून सुरुवात करा: खाडीकाठच्या वाडीची पूरतयारी

देवबागसारख्या गावाला पाणी दोन्ही अंगांनी येतं. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि मालवणकडे जाणारा एकच रस्ता. नदी फुगलेली असताना दर्याला उधाण असलं, तर पावसाच्या पाण्याला बाहेर पडायला जागाच उरत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली, तेव्हा आषाढ शुद्ध त्रयोदशी होती, गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचेच दिवस. रस्ते बुडाले, बाहेरची पथकं पोचायला वेळ लागला, आणि तोवर शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांना वर काढलं. ही यादी त्याच पहिल्या काही तासांसाठी आहे.

सगळ्यात आधी होड्या. मेअखेरीस जलक्रीडा बंद होतात, जूनपासून यांत्रिक मासेमारीही थांबते. मग होड्या वर ओढून झापांनी, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांनी, शाकारल्या जातात, इंजिनं उतरवून घरात जातात, लाइफ जॅकेटं खोलीत कुलूपबंद होतात. म्हणजे किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावाकडे असावी इतकी चांगली बचावसामग्री आपल्याकडे आहे, आणि ऐन पुराच्या दिवसांत तिच्यावर कुलूप असतं. ते बदलायला हवं. दर वाडीने सपाट बुडाची एक लहान होडी खाडीच्या बाजूला, झाप न घालता, पाणी चढलं तरी वाहून जाणार नाही अशी बांधून ठेवावी. तिचं इंजिन आठवड्यातून एकदा सुरू करून बघावं. पेट्रोलचा कॅन, वल्ही, नांगर, लांब नायलॉनचा दोर आणि हवा भरलेल्या ट्यूबा एकत्र असाव्यात. जॅकेटांचे बंद आणि बकल तपासा. लहान मुलांच्या मापाची वेगळी काढा, कारण मोठ्यांचं जॅकेट पोराच्या अंगातून सटकतं. खोलीची किल्ली दोन घरी हवी, त्यातलं एक घर वर्षभर गावात राहणाऱ्याचं.

होडी कोण हाकणार हे मे महिन्यातच ठरवा. सर्फिंग शिकवणारी, पर्यटकांना फिरवणारी पोरं पोहण्यात तरबेज आहेत, पण पुराची खाडी ओळखतो तो जुना तांडेल, होडीवरचा म्होरक्या. होडी कधी काढायची हा शब्द त्याचाच असावा. ओहोटी लागली की पुराचं पाणी आणि ओहोटीची ओढ एक होतात आणि संगमाकडे होडी खेचली जाते. तिथून पुढे उघडा समुद्र. शक्यतो चढत्या भरतीत आणि पाणी स्थिरावलेलं असतं त्या थोड्या वेळात माणसं हलवा. पाणी चढलं की विजेच्या तारा हाताच्या अंतरावर येतात, तेव्हा महावितरणच्या १९१२ वर किंवा गावच्या वायरमनला सांगून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत होडी तारांखालून नेऊ नये.

भरतीची वेळ प्रत्येक घराला कळायला हवी. तिथीची पाऊणपट करायची, हा आपल्याकडचा जुना ठोकताळा: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. बंदरागणिक तासभर मागेपुढे होतं, म्हणून तक्त्याशी ताडून बघा आणि त्या आठवड्याच्या वेळा देवळाच्या फळ्यावर लिहा. शेजारीच हवामान खात्याचा इशारा लिहावा. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून जास्त पाऊस म्हणजे अत्यंत मुसळधार, अशा अंदाजाला लाल इशारा देतात. माझ्या मते मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास त्याखालच्या नारिंगी इशाऱ्यालाच हालचाल सुरू करावी. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१, दोन्ही दिवस पुष्य नक्षत्रातले. पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात, पण या म्हाताऱ्या पावसाला कमी लेखू नका.

मग माणसांची यादी. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा आहेत, कोण गरोदर आहे, कोणाला डायलिसिसला जावं लागतं, कोणती आजी एकटी आहे आणि तिला ऐकू कमी येतं, हे आशाताईंना ठाऊक असतं. त्यांच्यासोबत बसून प्रत्येक नावापुढे उचलायला जाणाऱ्या दोघांची नावं लिहा. पर्यटक उतरले असतील तर घरमालकाने त्यांची नोंद पोलीस पाटलांकडे द्यावी आणि गाड्या त्याच संध्याकाळी उंचावर लावायला सांगावं. एकुलत्या रस्त्यावर आडवी राहिलेली गाडी रुग्णवाहिका अडवते.

निवाऱ्याला स्लॅबची, वरचा मजला असलेली इमारत हवी. शाळा असेल तर किल्ली आणि संडास दोन्ही आधी बघा. तिथे उकडा तांदूळ, कुळथाचं पीठ, मीठ, मोठा टोप, कोरडी लाकडं आणि झाकणाचे पिण्याच्या पाण्याचे पिंप ठेवा. डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांनी वर पळण्याआधी वरची जमीन बघावी: भेगा, कललेली झाडं, अचानक गढूळ झालेला किंवा आटलेला पऱ्या (ओढा) दिसला तर तिथे थांबू नये. रायगड जिल्ह्यातल्या तळियेची दरडही २२ जुलै २०२१ चीच.

घरात: कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिंडर बंद करून बांधलेला, मेन स्विच खाली. गोठ्यातल्या गुरांची दावी मात्र सोडायलाच हवीत. सुटलेलं जनावर पोहत उंचवटा गाठतं, बांधलेलं जागच्या जागी बुडतं.

पाणी ओसरल्यावर चिखल काढण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे फोटो घ्या, पंचनाम्याला लागतात. विहीर उपसून ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून घ्या, आणि पाण्यात क्लोरीन उतरलंय का हे बघणारी ओटी चाचणी होईपर्यंत पाणी उकळूनच प्या. चिखलात उतरणाऱ्यांनी गमबूट घालावेत. लेप्टो, म्हणजे पुराच्या पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, टाळायची गोळी घ्यायची का, हे आरोग्य केंद्रात विचारा. पुढच्या महिनाभरात ताप आला तर पुराच्या पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना आधी सांगा. लाकडांच्या ढिगात हात घालू नका, फुरसं हा विषारी साप अशाच जागी बसतो. चावलंच तर कापू नये, आवळून बांधू नये. हातपाय न हलवता १०८ ला बोलवा. सर्पदंशाची लस जवळ कुठे मिळते ते जूनमध्येच विचारून १०८, ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ सोबत फळ्यावर लिहून ठेवा. फोन बंद पडले तर देवळाची घंटा किती वेळ आणि कशी वाजवायची, हेही त्याच बैठकीत ठरवा.