दिव्यांगांसाठी गाडीत बदल करून घेताय? करसवलतीत या चुका टाळा

हँड कंट्रोल बसवून गाडी घरी आली तेव्हा मी बिल वाचलंसुद्धा नाही. डाव्या हाताने लिव्हर पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की ॲक्सिलरेटर, उजव्या हातात स्टीअरिंगवर बसवलेली मूठ. कितीतरी वर्षांनी मी स्वतःच्या जिवावर घराबाहेर पडत होते, बिल कोण बघतंय! दोन वर्षांनी दुसराच कागद शोधताना ते हाती लागलं. एकच ओळ होती: 'ॲक्सेसरीज व फिटिंग', कर १८ टक्के.

खरं तर दिव्यांगांच्या गाडीत बसवायच्या रेट्रोफिट किटवरचा (म्हणजे तयार गाडीत नंतर बसवायच्या अशा साहित्यावरचा) जीएसटी ऑक्टोबर २०२१पासून ५ टक्के आहे. जीएसटी परिषदेच्या लखनौच्या बैठकीत तसा निर्णय झाला होता. किट ३०,००० रुपयांचं धरलं तर कर १,५०० होतो, १८ टक्क्यांनी ५,४००. म्हणून कोटेशन मागतानाच सांगा, की किट स्वतंत्र ओळीत, 'दिव्यांग व्यक्तीच्या वाहनासाठी रेट्रोफिट किट' असं लिहा. चुकीचं बिल हातात पडलंच तर लगेच क्रेडिट नोट (जास्त घेतलेली रक्कम परत दाखवणारा विक्रेत्याचा कागद) मागा. विक्रेत्याला करातली ही दुरुस्ती आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच दाखवता येते. माझी ती तारीख कधीच उलटून गेली होती.

दुसरी चूक जुन्या माहितीवर विसंबण्याची. छोट्या गाडीवर इतरांना २८ टक्के आणि वर सेस, दिव्यांगांना १८, असं सांगणारे व्हिडिओ अजून फिरतायत. २२ सप्टेंबर २०२५पासून ४ मीटरपर्यंत लांबीच्या छोट्या गाड्यांना (पेट्रोल १२०० सीसी, डिझेल १५०० सीसीपर्यंत) सगळ्यांनाच १८ टक्के लागतो. त्या जुन्या फरकाच्या आशेने खरेदी लांबवू नका. मात्र आधी सवलतीत गाडी घेतली असेल, तर पाच वर्षं न विकण्याची लेखी हमी तुम्ही दिलेली आहे. ती विसरून गाडी विकायला काढू नका.

सगळ्यात महागात पडते ती आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राची चूक. आधी किट बसवायचं आणि आरटीओत सवडीने जायचं, असं आपल्यातले बरेच जण करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे गाडीत असा बदल करायला मंजुरी लागते. परवानगी नसलेल्या बदलाला, प्रत्येक बदलामागे, ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा आधी अर्ज, मग फिटिंग, मग तपासणी आणि आरसीवर 'अडॅप्टेड व्हेइकल' अशी नोंद. नवी गाडी असेल तर फॉर्म २०मध्ये, म्हणजे नोंदणीच्या अर्जात, मालकीचा प्रकार 'दिव्यांगजन' निवडलाय ना, हे शोरूमच्या माणसावर न सोडता स्वतः डोळ्यांनी बघा. ऑक्टोबर २०२०पासून हा रकाना आहे, तरी घाईत 'वैयक्तिक' लिहून मोकळे होतात.

या एका नोंदीवर पुढचं बरंच काही अडतं. राष्ट्रीय महामार्गावर दिव्यांगांसाठी खास बनवलेल्या वाहनाला टोलमाफी आहे, पण सूट असलेला फास्टॅग मागायला गेलात की आरसी बघतात. विम्याच्या टॅरिफमध्ये (ठरवून दिलेल्या दरपत्रकात) अशा गाडीच्या 'ओन डॅमेज' म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट होती, तीही आरसीवर नोंद असेल तरच. कंपनीला विचारून घ्या, आणि सूट मिळो न मिळो, बदल केल्याचं कळवाच. नाहीतर अपघातानंतरच्या क्लेममध्ये हाच मुद्दा उकरून काढतात.

आयकराचं थोडक्यात: आयकर कायद्याच्या (१९६१) कलम ८०यूची, म्हणजे स्वतः दिव्यांग असलेल्या करदात्याला मिळणारी वजावट (७५,००० रुपये, तीव्र दिव्यांगत्वात १,२५,०००) गाडीच्या खर्चावर अवलंबून नाही, त्यामुळे किटचं बिल तिथे जोडून उपयोग नाही. ती मिळते जुन्या कर प्रणालीत. नवी निवडली असेल तर नाही.