पुनर्विकासातील टॉवर : नकाशांवर सही करण्यापूर्वी काय तपासावे

मुंबईत जुनी चार मजली सोसायटी पाडून त्या जागी तीस मजल्यांचा टॉवर उभा राहणार असेल, तर विकासकाच्या माहितीपत्रकात ‘हरित इमारत’ हे शब्द हमखास असतात. ती इमारत आयुष्यभर किती वीज आणि पाणी खाणार, हे मात्र आयओडीसाठी, म्हणजे महापालिकेच्या सशर्त बांधकाम मंजुरीसाठी, नकाशे सादर होतात तेव्हाच बव्हंशी ठरून गेलेले असते; म्हणून सोसायटीच्या समितीने आपले प्रश्न त्याआधीच वास्तुविशारदापुढे ठेवावेत.

पहिला प्रश्न दिशेचा असावा. मुंबई सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जाही पुरतो. पश्चिमेला तसे होत नाही, कारण तिथे ऊन तिरपे, थेट खोलीत शिरते आणि छज्जाखालून बिनदिक्कत आत येते. त्या बाजूला उभ्या पट्ट्या, जाळी किंवा खोल बाल्कनी लागते. अडचण अशी, की समुद्रावरचा वारा आणि पावसाची झोडही बहुधा त्याच बाजूने येते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी मुंबईतच कंबाला हिलवरील कांचनजंगा या 1983 मध्ये पूर्ण झालेल्या, सुमारे 84 मीटर उंच इमारतीत हा पेच जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यावरून सोडवला : घरे पूर्व-पश्चिम आरपार ठेवली आणि कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल बागा काढून राहत्या खोल्या ऊन-पावसापासून मागे सरकवल्या. ती श्रीमंतांची इमारत आहे हे खरे. पण आरपार वारा आणि पश्चिमेची सावली या दोन गोष्टी मध्यम आकाराच्या फ्लॅटमध्येही मागता येतात.

त्यानंतर खिडक्या मोजाव्यात. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या 2018 च्या इको निवास संहितेनुसार, म्हणजे निवासी इमारतींसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीनुसार, उष्ण-दमट हवामानात उघडू शकणारे क्षेत्र घराच्या चटईक्षेत्राच्या किमान 16.66 टक्के असावे, म्हणजे 60 चौरस मीटरच्या घराला सुमारे 10 चौरस मीटर. यात बाल्कनीकडे उघडणारा दरवाजा धरता येतो, परंतु दोन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीचा निम्माच भाग उघडतो, हे गणित करताना बहुतेक जण विसरतात. भिंती व खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचा निर्देशांक, म्हणजे आरईटीव्ही, प्रति चौरस मीटर 15 वॅटच्या आत असावा, अशीही संहितेची अट आहे. त्याची आकडेमोड लेखी मागून घ्यावी. काचेचा दर्शनी भाग दाखवून कोणी भुलवू लागला, तर हा एक आकडा विचारणे पुरेसे होते.

एसीच्या बाहेरच्या युनिटची जागाही नकाशातच पाहावी. अरुंद डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतील उभ्या पोकळीत, एकावर एक युनिटे बसवली, की खालच्या मजल्यांची गरम हवा वरच्यांना मिळते आणि वरच्या मजल्यांचे वीजबिल वाढते.

पाण्याच्या बाबतीत पर्जन्यसंचयनावर विसंबून राहू नये. 500 चौरस मीटरच्या गच्चीवर पावसाळ्यात 2,000 मिलिमीटर पाऊस पडला, तर 10 लाख लिटर पाणी मिळते आणि गळती-वाया जाणे वगळता सुमारे 8 लाख लिटर हाती लागते. 100 फ्लॅट, प्रत्येकी चार माणसे आणि माणशी रोजचे 135 लिटर धरल्यास दिवसाला 54,000 लिटर लागतात. म्हणजे सगळा पावसाळा साठवला तरी तो पंधरा दिवसांत संपेल. उंच इमारतीत माणसे जास्त आणि गच्ची लहान असते, हे त्यामागचे साधे कारण. त्या 135 लिटरपैकी साधारण 45 लिटर फ्लशला जातात, म्हणून खरी बचत प्रक्रिया केलेले सांडपाणी फ्लशसाठी वापरण्यात आहे. त्यासाठी प्रत्येक फ्लशपर्यंत पाण्याची दुसरी, वेगळी नळजोडणी सुरुवातीलाच टाकावी लागते. नंतर लाद्या फोडून ती टाकणे कोणाला परवडत नाही.

सौरऊर्जेलाही तोच हिशेब लागू पडतो. एक किलोवॅटला सुमारे 10 चौरस मीटर जागा लागते, त्यामुळे निम्मी गच्ची मोकळी मिळाल्यास 25 किलोवॅट बसतात आणि दिवसाला सरासरी शंभरेक युनिट वीज मिळते. ती लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांच्या खर्चाला हातभार लावील, घरांतील एसींना नाही. टाक्या आणि लिफ्टच्या खोलीची सावली पॅनेलवर पडणार नाही, एवढे आराखड्यात पाहावे.

काँक्रीटबद्दल पायासाठी स्लॅगयुक्त, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतील मळी मिसळलेले, सिमेंट वापरणार का, असे विचारावे. त्यात क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजून केलेला सिमेंटचा मुख्य घटक, कमी लागतो आणि समुद्राजवळच्या खाऱ्या मातीत ते अधिक टिकते. मात्र त्याची ताकद सावकाश येते, त्यामुळे चाचणी 28 दिवसांऐवजी 56 दिवसांची ठेवण्याची तयारी संरचना अभियंत्याने आधीच दाखवावी.

शेवटी, हे सर्व विकासकरारात आकड्यांसह लिहून घ्यावे आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा महिन्याचा वीज व देखभालीचा खर्चही त्यात मागावा. ताबा घेताना ते केंद्र चालू आहे एवढेच पाहून थांबू नये, तर पहिले वर्ष ते विकासकाने चालवून दाखवावे आणि फ्लशच्या जोडणीवर स्वतंत्र मीटर असावा, अशी अट घालावी. खर्चाच्या भीतीने केंद्र बंद पडले, तर मीटरवरून ते पहिल्याच महिन्यात लक्षात येते.