सहकाऱ्याची खरी ओळख कशी करून घ्यावी : आधी काम, मग गाव, छंद शेवटी

नव्या सहकाऱ्याशी ओळख वाढवताना आपण बहुतेक वेळा उलट्या टोकापासून सुरुवात करतो. आधी गाव विचारतो, मग आडनाव, मग लग्न झालंय का, मुलं किती. आणि तो माणूस सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत नेमकं काय करतो, हे दोन वर्षं शेजारी बसूनही ठाऊक नसतं. माझं म्हणणं असं की क्रम बदलून बघा. कामाबद्दल विचारलं की माणूस मोकळा होतो, कारण त्या विषयात तो जाणकार असतो आणि सहसा त्याला कुणी विचारलेलंच नसतं. गाव, शिक्षण, आवडीनिवडी त्या बोलण्यातूनच निघत जातात.

पायरी १ : हुद्दा सोडा, दिवस विचारा

‘असिस्टंट मॅनेजर, ऑपरेशन्स’ यावरून कुणाला काय कळणार? ‘तुमचं काम काय?’ असं विचारलंत तर उत्तरात हा हुद्दाच परत मिळेल. त्यापेक्षा हे प्रश्न विचारून पाहा :

- सकाळी आल्या आल्या पहिलं काय उघडता?
- तुमचं काम कुणामुळे अडतं, आणि तुमच्यामुळे कुणाचं?
- महिन्यातले कुठले दिवस सगळ्यात वाईट?
- कुठली चूक झाली की सगळ्यात जास्त बोलणी बसतात?

शेवटचा प्रश्न माझा आवडता. त्याच्या उत्तरात अख्खी नोकरी येते.

चाकण-रांजणगावकडच्या एखाद्या कारखान्यातला डिस्पॅचवाला घ्या. बाकीच्यांच्या मते त्याचं काम म्हणजे माल गाडीत भरायचा आणि गाडी सोडायची. त्याच्या शेजारी अर्धा तास बसलात की कळतं, राज्याबाहेर जाणारा माल ५०,००० रुपयांवरचा असला की ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागतं. त्याच्या भाग ‘अ’मध्ये मालाचा आणि इन्व्हॉइसचा तपशील, भाग ‘ब’मध्ये गाडीचा नंबर. बिलाची मुदत साधारण मालाला २०० किलोमीटरमागे एक दिवस, म्हणजे बाराशे किलोमीटरच्या खेपेला सहा दिवस. आता गाडी वाटेत बंद पडली आणि माल दुसऱ्या गाडीत चढवला, तर नव्या गाडीचा नंबर भाग ‘ब’मध्ये भरावा लागतो. तो भरला नाही आणि पुढे तपासणीला गाडी अडवली, तर गेला माल अडकून. म्हणून हा गृहस्थ जेवताना फोन ताटाशेजारी ठेवतो, रात्री साडेअकराला ड्रायव्हरशी बोलतो आणि महिनाअखेरीला संध्याकाळी सहा वाजता सेल्सवाल्यांनी ‘आजच्या आज एवढी एक गाडी काढ ना’ म्हटलं की त्याचं डोकं फिरतं.

हे एकदा समजलं की दुसऱ्या दिवशी त्याला काय विचारायचं ते शोधावं लागत नाही. ‘पोचली का कालची गाडी?’ एवढं पुरतं. ‘काय मग, कसं काय?’ला मिळणाऱ्या ‘मजेत’पेक्षा याला मिळणारं उत्तर कितीतरी लांब असतं.

पायरी २ : वेळ बघून विचारा

चांगला प्रश्न चुकीच्या दिवशी विचारला तर तिरसट उत्तर मिळणारच. अकाउंट्समधल्या माणसाचं कॅलेंडर आपल्यापेक्षा वेगळं असतं. ७ तारखेपर्यंत टीडीएस भरायचा, ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र), १५ला पीएफ, २०ला ३-बी (जीएसटी भरायचं विवरणपत्र). या तारखांच्या आदल्या दिवशी त्याच्याशी गप्पा मारायला जाऊ नका. मार्चमध्ये तर नाहीच. पगाराचं काम बघणाऱ्यांना शेवटचा आठवडा सोडून गाठा, आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पोराला सोमवारी सकाळी तर मुळीच नको. सगळ्यांचे पासवर्ड नेमके तेव्हाच विसरलेले असतात.

शॉपफ्लोअरवर नियम सोपा आहे. मशीन चालू असताना बोलायचं नाही, सेफ्टी शूज घालून जायचं आणि आखलेल्या पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालायचं. तिथे जायचा सगळ्यात छान दिवस म्हणजे खंडेनवमीची किंवा दसऱ्याची पूजा. मशीन पुसूनपासून झेंडूच्या माळा घातलेल्या असतात आणि ज्याची मशीन तो तिच्यापाशी उभा असतो. ‘ही कधीपासून आहे तुमच्याकडे?’ असं नुसतं विचारा. ती कधी आली, आधी कोण चालवायचं, कुठला आवाज आला की कुठलं बेअरिंग गेलंय हे ओळखायचं, सगळं ऐकायला मिळेल. प्रसाद घेऊन लगेच पळू नका.

एरवीच्या दिवशी डब्याची सुट्टी, चहाची टपरी आणि कंपनीची बस या तीन जागा. बसमध्ये सकाळी नको, लोक झोपतात. संध्याकाळी परतताना बोला.

पायरी ३ : डब्यावरून गावाकडे

गाव थेट विचारण्यात वाईट काही नाही, पण डबा जास्त बोलका असतो. अंबाडीची भाजी आणि भाकरी, सोलापुरी शेंगदाण्याची चटणी, पाटवडीचा रस्सा, खान्देशातलं वरण-बट्टी. ‘हे आमच्याकडे वेगळं करतात, तुमच्याकडे कसं?’ म्हटलं की गाव, आई, चूल, आजोळ सगळं ओघाने येतं. फक्त दुसऱ्याच्या डब्याला नाक मुरडू नका. सुकटीचा वास येतो म्हणून कुणाला वेगळं बसवलं, तर तो माणूस पुन्हा तुमच्याशी मनापासून बोलणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

आता एक गोष्ट स्पष्टच लिहितो. आपल्याकडे ‘आडनाव काय?’ आणि त्यावर ‘म्हणजे तुम्ही नेमके कुठले?’ हा प्रश्न पुष्कळदा जात काढण्यासाठी असतो. विचारणाऱ्याला ते माहीत असतं, आणि ज्याला विचारलं त्याला तर हमखास. समोरचा आडनाव न सांगता नुसतं नाव सांगत असेल, तर नावाने हाक मारा, विषय संपला.

पार्श्वभूमी जाणून घ्यायला मला सगळ्यात उपयोगी वाटणारा प्रश्न म्हणजे ‘इथे कसे आलात?’ तो कुणालाही विचारता येतो आणि किती सांगायचं हे सांगणाऱ्याच्या हातात राहतं. कुणी आयटीआयला फिटरचा ट्रेड केला, अप्रेंटिस म्हणून आला आणि टिकला. कुणी बीएस्सीनंतर दोन वर्षं एमपीएससीचा अभ्यास केला, मग घरून फोन आला की आता पुरे. कुणी नवऱ्याच्या बदलीमुळे आली आणि चार वर्षांच्या खंडानंतर पुन्हा अगदी खालून सुरुवात केली. पहिल्या नोकरीबद्दल आणि कॉट बेसिसवरच्या खोलीबद्दल लोक भरभरून बोलतात. त्या खोलीत किती जण होते आणि भांडी घासायची पाळी कुणाची, हे पंचवीस वर्षांनीही लक्षात असतं.

काही गावांची नावं ऐकली की मात्र जरा थांबावं. समोरचा पन्नाशीच्या आसपासचा आहे आणि गाव किल्लारी परिसरातलं म्हणाला, तर ३० सप्टेंबर १९९३ची भूकंपाची पहाट त्याला आठवत असणार. वडील लालबाग-परळच्या गिरणीत होते असं कुणी सांगितलं, तर १९८२च्या संपाने त्या घराचं काहीतरी झालेलं असणार. कोयनेच्या काठचं मूळ गाव सांगणाऱ्याचं गाव धरणाच्या पाण्याखालीही असू शकतं. या गोष्टी माहीत असाव्यात, म्हणजे ‘मग गावाला जाता की नाही?’ असा प्रश्न आपण सहज म्हणून फेकत नाही. ‘तुमच्या घरातलं कोणी गेलं का?’ हे विचारू नये. सांगायचं असेल तेव्हा माणूस आपणहून सांगतो, कधी पाच वर्षांनी, कधी मुक्कामी दौऱ्यावर असताना रात्रीच्या जेवणानंतर.

बाहेरच्या राज्यातून आलेल्यांच्या बाबतीत आपण फार आळशी आहोत. ‘साउथचा आहे’ म्हटलं की आपल्या लेखी चार-पाच राज्यं उरकली. जिल्हा विचारा. पाटण्याचा माणूस वेगळा, दरभंग्याचा वेगळा, आणि दरभंग्याच्या माणसाला ‘म्हणजे तुम्ही मैथिली बोलता का?’ विचारून बघा, चेहरा खुलतो की नाही ते. छठच्या सुट्टीसाठी रेल्वेचं तिकीट मिळवायला त्याला काय करावं लागतं, हेही विचारा. गणपतीला कोकणात जाणाऱ्याला ती कहाणी लगेच पटेल.

पायरी ४ : छंद विचारू नका, सुट्ट्या बघा

‘तुमचे छंद काय?’ हा बायोडाटातला प्रश्न, त्याला उत्तरही बायोडाटातलंच मिळतं : वाचन, संगीत, प्रवास. खरा छंद कळतो तो रजेच्या अर्जावरून.

आषाढीच्या आधी एखादा दिवस रजा टाकणारा माणूस पालखी पुण्यातून निघते त्या दिवशी दिवे घाट चढून सासवडपर्यंत चालत असेल. नोव्हेंबर-डिसेंबरात संध्याकाळी साडेसहाच्या ठोक्याला निघणारी बाई हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीला जात असेल. कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धांमध्ये काम करणारे नट तर कारखान्या-कारखान्यांत आहेत. स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजून देणारा माणूस रंगमंचावर काय करतो, ते त्याच्या साहेबाला माहीत नसतं. जानेवारीत जो अचानक गोड खाणं सोडतो, तो मुंबई मॅरेथॉनवाला.

पुण्यात पावसाळा सुरू झाला की काही पोरापोरींच्या बोटांना पट्ट्या दिसू लागतात. ती ढोल-ताशा पथकाची खूण. तिथे ‘अरे वा, छान’ म्हणून थांबू नका. ढोल की ताशा की ध्वज, सराव कुठे चालतो, टिपरू (ढोल वाजवायची काठी) हातातून निसटतं का, ढोल आवळायला कुणी शिकवलं, हे विचारा. ताशा वाजवणारा असेल तर त्याला ढोलवाल्यांबद्दल विचारा, मजा येईल.

सोमवारी सकाळी जिना उतरताना जो कण्हतो, तो गडावर जाऊन आलेला असतो. त्याच्याशी बोलताना सांभाळून. उत्साहाच्या भरात ‘मलापण एकदा यायचंय’ म्हणालात, तर पुढच्या शनिवारी रात्री तो खरंच गाडी घेऊन दाराशी येतो. पहिल्या खेपेला लोहगड सुचवा. अलंग-मदन-कुलंगचं नाव त्याने काढलं तर काहीही कारण सांगा.

आणि काहींना छंद नसतो. कसाऱ्याहून किंवा विरारहून रोज येऊन-जाऊन ज्याचे चार तास लोकलमध्ये जातात, त्याला रविवारी झोप हवी असते. त्याला ‘काहीतरी छंद जोपासा’ असं सांगू नये. उलट लोकलच्या ग्रुपबद्दल विचारा. कुठला डबा, कोण जागा धरतं, भजन असतं का, पत्ते कुठल्या स्टेशनला मिटतात. आपण ज्याला नुसता प्रवास समजतो, त्यात त्याचे वीस वर्षांचे मित्र असतात.

पायरी ५ : आपलंही सांगा, आणि ऐकलेलं पोटात ठेवा

नुसते प्रश्न विचारत राहिलात तर पोलीस चौकशी वाटते. दोन गोष्टी विचारल्या की एक आपली सांगावी. पगार, लग्न कधी, ‘अजून पाळणा हलला नाही का’, आजार, घटस्फोट हे विषय आपण काढायचेच नाहीत. समोरच्याने काढले तर ऐकायचे, आणि तिथेच सोडून यायचे. चहावर ऐकलेली गोष्ट साहेबांच्या केबिनमध्ये पोचली, की त्या मजल्यावर तुमच्याशी कोणी हवापाण्यापलीकडे बोलणार नाही.

पुरुषांसाठी आणखी एक. सहकारी महिलेशी ओळख वाढवायची ती चारचौघांत, ऑफिसच्या वेळेत. रात्री दहाला ‘जेवलीस का?’ असा मेसेज पाठवणं याला ओळख वाढवणं म्हणत नाहीत.

‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायची घाई करू नका. मुंबईत ते आठवड्यात होतं, काही बँकांत आणि सरकारी कचेऱ्यांत निवृत्तीपर्यंत होत नाही. वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाने ‘अरे, तू म्हण’ म्हणेपर्यंत अहो-जाहोच ठीक. गेटवरचे काका आणि फरशी पुसणाऱ्या मावशी यांनाही नाव असतं, ते विचारा. त्यांची नोकरी कंत्राटदाराकडे असते म्हणून ते सहकारी नाहीत असं होत नाही, आणि इमारतीतलं सगळं सगळ्यात आधी त्यांनाच कळलेलं असतं.

दोनदा विचारूनही एका शब्दात उत्तर आलं तर तिसऱ्यांदा विचारू नका. कुणाकुणाला ऑफिसात घर आणायचं नसतं. अशा माणसाशी कामाबद्दल चांगलं बोलत राहावं.

दुसऱ्या शहरातले सहकारी

नागपूर किंवा बंगळूरच्या ऑफिसातला माणूस आपल्याला स्क्रीनवरच्या चौकोनातच दिसतो. तिथे मीटिंगला तीन मिनिटं आधी जाऊन बसा. बाकीचे येईपर्यंत जे दोघं-तिघं असतात, त्यांच्यातच काय ते बोलणं होतं. मागे कुकरची शिट्टी झाली, कुत्रा भुंकला, पोर डोकावलं, तर तिथूनच धागा पकडा. कॅमेरा चालू करायचा आग्रह धरू नका. आणि तो माणूस कधी आपल्या शहरात आला तर त्याला कॅन्टीनमध्ये न नेता गेटबाहेरच्या टपरीवर न्या, दोन कटिंग सांगा आणि पैसे तुम्ही द्या.