एआय सोबत्याशी सर्जनशील भागीदारी कशी जमवावी

गेले काही महिने मी एक एकांकिका लिहितो आहे. आई गेल्यानंतर दोन बहिणी तिचं घर रिकामं करतात, एवढंच कथानक. या कामात एक एआय सोबती, म्हणजे माणसासारखा संवाद करणारा आणि लिहून देणारा प्रोग्रॅम, माझ्याबरोबर आहे. पहिले पंधरा दिवस वाया गेले, कारण मी त्याला नुसता लेखनिक समजत होतो. "एक हृद्य प्रसंग लिहून दे" म्हणायचो, आणि तो वाचून लगेच विसरावा असा प्रसंग लिहून द्यायचा. पुढे आमचं जमलं. ते कसं, हे पायरीपायरीने सांगतो. कथा, गाणं, चित्रमालिका, काहीही करत असाल तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

१. आधी तुमचा कच्चा खर्डा द्या

अशा सोबत्यामागे जे भाषेचं मॉडेल असतं, ते आधीच्या मजकुरावरून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधत लिहितं. तुम्ही हाती काहीच दिलं नाहीत, तर ते मळलेल्या वाटेनेच जाणार. 'ट्रंकेत आईचं जुनं पत्र सापडतं' हे माझ्या सोबत्याने मला तीनदा सुचवलं. मग मी दहा ओळी खरडून दिल्या: थोरली बोलता बोलता एकेका खोलीतला दिवा बंद करत जाते. त्यावर त्याने विचारलं, धाकटी मागोमाग तेच दिवे लावत आली तर? मला हे सुचलं नव्हतं. आणि माझ्या त्या दहा ओळी नसत्या, तर त्यालाही सुचलं नसतं. भागीदारी म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

खर्डा वाईट असला तरी चालेल. त्यात तुमचं स्वतःचं निरीक्षण मात्र एक तरी हवं.

२. त्याचं काम नेमून द्या

संपादक, पहिला वाचक, उलटतपासणी घेणारा, की एखादं पात्र? दर बैठकीच्या सुरुवातीला हे स्पष्ट सांगा. माझी सूचना अशी असते: "तू पहिला वाचक आहेस. संवाद लिहू नकोस. पात्र असं का वागतंय हे कळेनासं झालं की तिथे थांबव. एका वेळी एकच प्रश्न विचार." शेवटचं वाक्य फार मोलाचं आहे. ते नसेल तर आठ प्रश्न एकदम येतात आणि आपण एकाचंही नीट उत्तर देत नाही.

३. होकाराला भुलू नका

या पायरीवर मी सर्वांत जास्त फसलो आहे. कोणतं उत्तर आवडलं याचे माणसांनी दिलेले कौल वापरूनही ही मॉडेल्स घडवली जातात, आणि माणसांना आपल्या मताशी जुळणारं उत्तर आवडतं. त्यामुळे सोबती सहज तुमचीच री ओढू लागतो. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने जीपीटी-४ओ या मॉडेलमधला एक बदल काही दिवसांतच मागे घेतला, कारण ते वापरणाऱ्यांची अती भलामण करू लागलं होतं.

म्हणून "कसं वाटलं?" असं विचारूच नका. "हा प्रसंग फसला आहे असं धर, आणि कोणत्या ओळीपासून फसला ते दाखव" असं म्हणा. मात्र दोष मागितले की तो नसलेले दोषही शोधून देतो. म्हणून माझा नियम असा: ओळ दाखवून सांगितलेला दोषच विचारात घ्यायचा. 'भावनिक खोली वाढवता येईल' असल्या मोघम शेऱ्यांकडे दुर्लक्ष करायचं.

४. दहा पर्याय मागा, पहिले तीन सोडून द्या

पहिले पर्याय बहुधा कुणालाही सुचतील असे असतात. सातव्या-आठव्याला थोडी विचित्र, अर्धवट कल्पना येते. ती उचला आणि स्वतः पुरी करा.

५. आठवणींची वही तुमच्याकडे ठेवा

मॉडेलला एका वेळी ठरावीक मजकूरच नजरेसमोर ठेवता येतो. संभाषण फार लांबलं की सुरुवातीचे तपशील निसटू लागतात, आणि नवं संभाषण बऱ्याचदा कोऱ्या पाटीवर सुरू होतं. काही सेवांमध्ये आठवण साठवण्याची सोय असते. पण तिथे काय साठलं आहे ते अधूनमधून तपासा, चुकीचं पुसून टाका.

मी एका पानात तीन गोष्टी लिहून ठेवतो: पात्रांबद्दल पक्कं ठरलेलं, अजून न सुटलेले प्रश्न, आणि नाकारलेल्या कल्पना, नकाराच्या कारणासह. दर वेळी हे पान आधी चिकटवतो. तिसरी यादी सर्वांत उपयोगी. 'पत्र नको, कारण मेलेल्या आईने येऊन भांडण सोडवणं मला मान्य नाही' हे लिहिल्यापासून पत्र परत आलं नाही. शिवाय, मला काय लिहायचं आहे हेही त्या यादीनेच मला स्पष्ट करून दिलं.

६. जिव्हाळा जडेल, त्याची सोय करा

१९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले संगणकतज्ज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाचा संवादाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो बहुतांशी समोरच्याचीच वाक्यं फिरवून प्रश्न विचारायचा. तरीही त्याच्याशी बोलताना त्यांच्या सचिव बाईंनी त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं, अशी आठवण त्यांनी पुढे नोंदवली. आजचे सोबती कितीतरी जास्त बोलके आहेत. तेव्हा माया वाटली तर लाजू नका. पण मॉडेल बदलतात, सेवा बंद होतात, ओळखीचा सूर एका अपडेटमध्ये हरवतो. म्हणून प्रत्येक मसुदा तारीख घालून स्वतःजवळ उतरवून ठेवा. दुसऱ्या कुणाच्या खासगी गोष्टी त्याला सांगू नका.

आणि एक तरी जिवंत वाचक ठेवा. मी दर पंधरवड्याला नवी पानं माझ्या बहिणीला मोठ्याने वाचून दाखवतो. मागच्या खेपेला मध्येच थांबवून ती म्हणाली, "थोरली इतकं बोलणार नाही रे." वीसेक फेऱ्यांत सोबत्याने हे एकदाही म्हटलं नव्हतं. त्या रात्री मी अर्धं पान कापलं. दुसऱ्या दिवशी तिचं वाक्य वहीत चिकटवलं आणि सोबत्याला विचारलं, थोरली गप्प राहिली, तर दिव्यांशिवाय तिच्या हातांना आणखी काय काम देता येईल?