शेततळ्यातील मासे मरू लागल्यास नाशिकच्या मत्स्यशेतकऱ्यांनी काय करावे

मासे मरू लागले की औषध शोधण्याआधी मर कशी लागली आहे ते पाहावे. पहाटे सर्व जातींचे मासे एकदम वर येऊन तोंडाने हवा घेऊ लागले, तर बहुधा पाण्यातील प्राणवायू संपलेला असतो, कारण रात्री शेवाळही तो वापरते. अशा वेळी ताजे पाणी सोडावे, पंपाने पाणी उसळते ठेवावे आणि खाद्य थांबवावे. याउलट मर रोज थोडीथोडी वाढत असेल, एकाच जातीत असेल किंवा अंगावर लाल चट्टे व जखमा दिसत असतील, तर रोगाचा संशय धरावा. निफाड परिसरात थंडीत पाणी गार पडते, तेव्हा व्रणरोगाकडे विशेष लक्ष ठेवावे. हा रोग १९८८ मध्ये बांगलादेशात दिसल्यानंतर काही महिन्यांतच ईशान्य भारतात आला होता.

संशय येताच तळ्याचे पाणी ओढ्यात सोडू नये आणि तेथील जाळे दुसऱ्या तळ्यात नेऊ नये. आपल्याकडचे बरेच ओढे शेवटी गोदावरीला मिळतात आणि खाली नांदूरमधमेश्वरचा जलाशय आहे. मेलेले मासे चुना टाकून खोल पुरावेत.

नमुना नीट घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि नेमकी येथेच हयगय होते. सडलेला मासा प्रयोगशाळेच्या फारसा उपयोगाचा नसतो. लक्षणे असलेले, मरणपंथाला लागलेले जिवंत मासे प्राणवायू भरलेल्या पिशवीत न्यावेत. ते शक्य नसल्यास नुकतेच मेलेले मासे बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावेत. सोबत पाण्याचा नमुना, मत्स्यबीज (माशांची पिल्ले) कोठून आणले, खाद्य कोणते आणि मर कधी सुरू झाली याची नोंद द्यावी.

माहिती जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला द्यावी किंवा केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘रिपोर्ट फिश डिसीज’ या मोबाइल ॲपवर नोंदवावी. अशा नोंदी राष्ट्रीय रोगनिरीक्षण कार्यक्रमात जमा होतात आणि त्याचे काम लखनौची राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था पाहते. पॅरिस येथील जागतिक पशु आरोग्य संघटनेच्या यादीतील रोगाची खात्री झाली, तर देशाला ते संघटनेला कळवावे लागते. ही संघटना १९२४ मध्ये स्थापन झाली आणि जलचरांसाठी तिची स्वतंत्र संहिता आहे. कोणत्या देशातून बीज किंवा मासे आणणे धोक्याचे आहे, हे इतर देश याच नोंदींवरून ठरवतात. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिलापिया माशावरील विषाणूबाबत जगाला इशारा दिला, तोही अनेक देशांनी मर लपवली नाही म्हणूनच शक्य झाला. आपला तालुका या साखळीच्या बाहेर नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल येण्यापूर्वी प्रतिजैविक टाकू नये. विषाणूवर ते चालत नाही, आणि जिवाणू त्याला सरावले तर पुढच्या वेळी खरी गरज असताना ते निरुपयोगी ठरते. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांना तर मत्स्यपालनात बंदीच आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या पीकवाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात अडकलेली द्राक्षे ज्यांना आठवतात, त्यांना औषधाच्या अंशाची किंमत वेगळी सांगायला नको.

पुढच्या हंगामात बीज आरोग्य तपासलेल्या केंद्रातूनच घ्यावे, पावती जपून ठेवावी आणि नवी बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) निदान दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच तळ्यात सोडावी.